टेंबेचे शेंगदाणे

बँकेतले तीन मराठी नवरे बदली करून कोलकात्याला पाठवा, त्यांची बायकापोरं महाराष्ट्रातच राहू द्या आणि तिघांना सॉल्ट लेकच्या एका फ्लॅटमध्ये ठेवा. किस्से आपोआप जमतात, सांगायला वेळ पुरत नाही! आमच्याकडचे निम्मे तर टेंबेच्या कढईतूनच निघाले. टेंबे नाशिकचा, वानखेडे अमरावतीचा आणि मी सांगलीचा. आमचं कशावरच जमत नाही, पण संध्याकाळच्या चहाबरोबर काहीतरी चटपटीत हवं, यावर एकमत.

*

सुरुवात मसाला काजूंपासून झाली. टेंबेवहिनी व्हिडिओ कॉलवर कृती सांगणार होत्या. टेंबेने फोन चहाच्या डब्याला टेकवला, कढईत तूप सोडलं, काजू टाकले.

"अहो, मंद आचेवर परतत राहा. कधी थांबायचं ते मी सांगते," वहिनी म्हणाल्या, आणि त्याच क्षणी नेटवर्क गेलं. पडद्यावर वहिनी तशाच, बोट वर केलेलं. टेंबे परततोय. काजू सोनेरी झाले, मग तांबूस, मग आमच्या कुकरच्या बुडासारखे.

मी म्हटलं, "अरे, गॅस बंद कर!"

तर म्हणतो, "ती सांगेल ना."

दहा मिनिटांनी वहिनी हलल्या. "अजून परतताय?"

"तू थांबा म्हणालीच नाहीस!"

वहिनी म्हणाल्या, "बारा वर्षांच्या संसारात माझा शब्द पाळलात, तो नेमका आजच!"

*

काजूंचा धसका घेऊन टेंबे शेंगदाण्यांवर आला. डाळीचं पीठ, तिखट, हिंग, ओवा, सगळं अगदी मापात. तेल संपलं म्हणून मार्केटात जाऊन त्याने "एक लिटर तेल" मागितलं. इथे नुसतं तेल म्हटलं की दुकानदार मोहरीचंच देतो, हे टेंबेला पहिला घाणा तळल्यावर कळलं! घरभर झणझणीत वास, वानखेडे खिडकीत, माझ्या डोळ्यांतून पाणी.

टेंबे सगळं फेकून देणार, इतक्यात आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मिनतीदीने चार दाणे तोंडात टाकले. टेंबेच्या पदार्थांना ती आजवर फक्त नाक मुरडत आली होती.

"एतोदिने ठिक होयेछे!" ती म्हणाली. म्हणजे, इतक्या दिवसांनी जमलं एकदाचं! आणि उरलेले पदराला बांधून घेऊन गेली.

*

वानखेडे बँकेच्या ऑडिट खात्यात. शेंगदाण्यांचा डबा संध्याकाळी भरला की सकाळी निम्मा व्हायचा. विचारलं तर म्हणायचा, "दमट हवेनं दाणे आकसतात न भाऊ!"

मग टेंबेने बँकेतली पद्धत घरी आणली. तिजोरीला कशा दोन अधिकाऱ्यांच्या दोन किल्ल्या लागतात, तशी कपाटाला दोन कुलपं. एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे. रविवारी चहा झाल्यावर आम्ही दोघांनी साग्रसंगीत कपाट उघडलं. कुलपं शाबूत, डबा रिकामा!

वानखेडेने पेपरातून डोकंही वर काढलं नाही. "कुलपं काय पाहता? बिजागऱ्यांचे स्क्रू पाहा. आम्ही ऑडिटले गेलो की पहिले तेच पाहतो!"

*

एस्प्लनेडच्या ऑफिसात टेंबेचे साहेब म्हणजे मुखर्जीसाहेब. डॉक्टरांनी त्यांचं तळलेलं बंद केलेलं. घरून रोज काकडीचे काप यायचे. टेंबेने एकदा दाणे पुढे केले आणि तेव्हापासून एक बरणी साहेबांच्या ड्रॉवरमध्येच मुक्कामाला गेली.

एक दिवस मिसेस मुखर्जी न सांगता हजर! साहेबांनी शांतपणे बरणी समोर बसलेल्या टेंबेकडे सरकवली.

"टेंबेबाबू! घर से दूर रहते हो, कोई देखनेवाला नहीं, और ये सब खाते हो?" मॅडमनी दहा मिनिटं टेंबेची हजेरी घेतली. टेंबे मान खाली घालून ऐकतोय आणि साहेब पंखा बघत म्हणतायत, "मैं भी इसको यही बोलता हूँ!"

मॅडम बरणी जप्त करून घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी साहेबांनी तीच बरणी, स्वच्छ धुतलेली, टेंबेच्या टेबलावर ठेवली.

"मिसेस पूछ रही हैं, और कब बनेगा?"

*

टेंबेचा जीव मात्र नाशिकला अडकलेला. मुलगी यंदा पहिलीत गेली. शाळेच्या पहिल्या दिवशी तिने फोनवर दप्तर दाखवलं आणि टेंबेने संध्याकाळी कढईला हातही लावला नाही. आम्हालाही त्या दिवशी चेष्टा सुचली नाही. बदलीचे दोन अर्ज परत आले होते. तिसऱ्यावर साहेबांनी लिहिलं, 'मंजूर. मात्र नवा अधिकारी येऊन पूर्ण चार्ज घेईपर्यंत सोडू नये.' 'पूर्ण'खाली दोन रेघा.

नवा अधिकारी आला. साहू, भुवनेश्वरचा, सव्वीस वर्षांचा. साहेबांचा पहिला प्रश्न, "खाना बनाना आता है?"

"नहीं सर. चाय भी नहीं."

साहेबांचा चेहरा पडला. "टेंबेबाबू, चार्ज आराम से देना. जल्दी क्या है?"

टेंबेने तर रविवारचं तिकीट काढलेलं! त्याच संध्याकाळी तो साहूला हाताला धरून फ्लॅटवर घेऊन आला. सलग तीन संध्याकाळी आमचं स्वयंपाकघर बंद होतं. आतून फक्त खोकला ऐकू यायचा.

शुक्रवारी चार्ज रिपोर्ट साहेबांच्या टेबलावर गेला. किल्ल्या, शिक्के, रजिस्टरं, सगळं ओळीने. आणि शेवटची नोंद: 'मसाला शेंगदाणे. कृती समजावून दिली. नव्या अधिकाऱ्याकडून एक घाणा स्वतंत्रपणे करून घेतला. नमुना सोबत.' खाली साहूची सही, अंगठ्याला पट्टी असल्यामुळे जरा वाकडी.

साहेबांनी टाचलेली पुडी सोडली. एक दाणा खाल्ला. मग दुसरा. टेंबे समोर उभा. साहेबांनी अख्खी पुडी संपवली, हात पुसले, पेनाचं टोपण काढलं आणि रिपोर्टवर लिहिलं, 'टेंबे यांना आजच कार्यमुक्त करावे.'

मग थोडा विचार करून खाली आणखी एक ओळ लिहिली, 'मीठ कमी.'