दुसऱ्या महायुद्धाचा पंचनामा, फ्रीमाँटच्या गॅरेजात

गॅरेजात खोकी साठतात तसे किस्से साठतात. कुठलं खोकं कधी आणलं, कुणी आणलं, काही आठवत नाही. एक दिवस लक्षात येतं की गाडी आत जात नाहीये! मग शटर उघडून एकेक बाहेर काढावं लागतं. मी आज तेच करतोय. थोडा मीठमसाला माझा असेल, ती माझी जुनी खोड. शेवटच्या किश्शाला मात्र मी हात लावलेला नाही.

गॅरेजही खरंच होतं. कॅलिफोर्नियात, फ्रीमाँटमधल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत मिलिंदचं घर आहे. दर रविवारी सकाळी दहाला तिथे आम्ही चौघं जमायचो. मिलिंद प्रोजेक्ट मॅनेजर, साताऱ्याकडचा. शलाका नागपूरची. तिचं काम म्हणजे कंपनीचे सर्व्हर पडू न देणं, आणि पडलेच तर ते का पडले हे शोधणं. ओंकार मेकॅनिकलची पीएचडी करतोय, पण अभ्यास रणगाड्यांचा जास्त. चौथा मी, सांता क्लाराला नोकरी आणि बाकी वेळ गप्पा. कोपऱ्यातल्या घडीच्या खुर्चीवर मिलिंदचे वडील, नानाकाका. वय त्र्याऐंशी.

एका रविवारी शलाका तिच्या ऑफिसातल्या पोस्टमॉर्टेमचं कौतुक सांगत होती. सर्व्हर पडला की दुसऱ्या दिवशी सगळे बसतात, पाच वेळा 'का' विचारतात आणि मुळापर्यंत जातात. नियम एकच, कुणाही माणसाचं नाव घ्यायचं नाही. माणूस चुकला असं लिहायचं नाही, व्यवस्थेत भोक कुठे होतं ते लिहायचं. जगातल्या कुठल्याही आपत्तीचं मूळ असं सापडतं, असं ती ठासून म्हणाली.

काका कधी मध्ये बोलत नसत. त्या दिवशी बोलले. "दुसऱ्या महायुद्धाचं काढता येईल का गं? माझे वडील त्यात गेले. म्हणजे, गेले असावेत."

*

त्या 'असावेत'ची हकिगत मिलिंदनं काका आत गेल्यावर सांगितली.

काका पाच महिन्यांचे असताना त्यांचे वडील पलटणीबरोबर बोटीत बसले. पुढच्या वर्षी इटलीतून तार आली, बेपत्ता म्हणून. नंतर सरकारी कागदही आले, पण काकांच्या आईनं ते हातात घेतले नाहीत. पोस्टमनला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. माणूस बघितल्याशिवाय कुंकू पुसणार नाही म्हणाली, आणि साठ वर्षं पुसलं नाही. गेली तीही हिरवा चुडा भरून, सवाष्ण म्हणूनच.

त्यामुळे काकांनी वडिलांचं श्राद्ध एकदाही घातलेलं नाही. जिवंत असतील तर जिवंत माणसाला पाणी कसं सोडायचं? आता दीड महिन्यानं काकांच्या हृदयाची झडप बदलायची होती. त्याआधी एकदा खात्रीनं कळावं आणि बापाला ओंजळभर पाणी सोडून मगच ऑपरेशनच्या टेबलावर आडवं व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं.

शलाकानं लॅपटॉप उघडला आणि वर लिहिलं, 'दुसरं महायुद्ध : पोस्टमॉर्टेम'. खाली ओळ टाकली, 'कुणाचंही नाव घेऊ नये'.

*

ओंकारनं दुसऱ्याच मिनिटाला नाव घेतलं. कुणाचं ते सांगायला नको!

शलाकानं त्याला कप विसळायला लावले. परत येऊन तो 'मिशीवाला' म्हणाला. पुन्हा कप. मग नुसतं ओठावर बोट ठेवून दाखवलं, तर शलाका म्हणाली की खुणासुद्धा चालणार नाहीत. अर्ध्या तासात मिलिंदच्या घरातले सगळे कप स्वच्छ झाले आणि पडद्यावर एवढंच उमटलं : 'एका देशात सर्वाधिकार एका खुर्चीकडे गेले. खुर्चीला ब्रेक नव्हता.'

ओंकार वैतागला. त्याचं म्हणणं, लाखो माणसं मारणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही आणि खुर्चीला दोष द्यायचा, हा कुठला न्याय?

काकांना मात्र पद्धत पसंत पडली. ते म्हणाले, "आमच्याकडं पण असंच. पाटलानं माणूस मारला तरी पंचनाम्यात लिहायचे, विळा लागून मेला."

शलाकानं ती ओळ लिहून घेतली.

*

पाच 'का' विचारायचे ठरले होते. आम्ही सव्वीसवर पोचलो.

युद्ध का झालं? पोलंडवर हल्ला झाला म्हणून. हल्ला का झाला? ऑस्ट्रिया, चेकोस्लोव्हाकिया हे आधीचे घास पचले म्हणून. घास का घेतले? पहिल्या युद्धानंतरचा तह हरलेल्यांच्या घशात अडकला होता म्हणून. पहिलं युद्ध का झालं? इथे मिलिंदनं पांढरा बोर्ड मागवला. तिसऱ्या रविवारी आम्ही १८७१ सालात होतो आणि पोहे संपले होते! ओंकारला अजून मागे, थेट रोमनांपर्यंत जायचं होतं. मिलिंदनं खास मॅनेजरच्या आवाजात सांगितलं की स्कोप वाढतोय, रोमन पुढच्या फेजमध्ये घेऊ.

बोर्ड बाणांनी भरला. प्रत्येक कारणामागे कारण, त्याच्यामागे आणखी दोन.

काका उठून बोर्डाजवळ आले. चष्मा वर करून सगळे बाण बघितले. त्यांनी विचारलं की एवढ्या ठिकाणी थांबवता आलं असतं, तर एकाही ठिकाणी कुणी का थांबवलं नाही.

शलाका म्हणाली, "काका, प्रत्येकाला वाटलं, पुढचा थांबवेल."

ही ओळ मात्र तिनं बोर्डावर लिहिली नाही. दोनच आठवड्यांपूर्वी तिच्या ऑफिसात नेमकं हेच झालं होतं. त्यात तिच्या टीममधल्या तीन माणसांची नोकरी गेली, आणि पोस्टमॉर्टेममध्ये कुणाचंच नाव नव्हतं.

*

मधल्या काळात मिलिंदच्या दारातही एक आक्रमण झालं.

पाहुण्यांच्या पार्किंगच्या दोन जागा त्याच्या घरासमोर आहेत. शेजाऱ्यानं एकीत आपली जुनी गाडी लावली. मिलिंद म्हणाला, जाऊ दे, एकच तर जागा आहे, तेवढ्यावर थांबेल. पुढच्या आठवड्यात दुसऱ्या जागेत बोट आली. चक्क बोट, ट्रेलरवर! आम्ही मिलिंदला तक्रार कर म्हणून बजावलं. त्याला शांतता हवी होती. त्यानं शेजाऱ्याला मेल लिहिली की बोट राहू दे, पण यापुढे आणखी काही नको. उत्तर आलं, 'थँक यू सो मच!'

काकांनी विचारलं, आता पुढं काय? ओंकार म्हणाला, इतिहासाप्रमाणे आता दारात येईल.

आला. हातात बनाना ब्रेड. त्याचा मेव्हणा महिनाभर राहायला येतोय, तर मिलिंदच्या गॅरेजपुढच्या ड्राइव्हवेत एक व्हॅन लावली तर चालेल का? मिलिंदनं ब्रेड घेतला आणि हो म्हणाला.

ओंकारनं एक तुकडा तोंडात टाकला. "चेकोस्लोव्हाकिया गेला," तो म्हणाला. "पण ब्रेड चांगलाय."

आम्ही पोट धरून हसलो. काका नाही हसले. ते व्हॅनकडे बघत म्हणाले, "एवढ्यानंच होतं का रे? शेजाऱ्याला नाही म्हणवत नाही, एवढ्यानं?"

*

कारणं आटोपल्यावर युद्ध प्रत्यक्ष कसं चाललं ते मांडायचं ठरलं. ओंकारनं पिंगपाँगच्या टेबलावर चिकटपट्टीनं युरोप आखला. सैन्यं स्वयंपाकघरातून आली. जर्मन म्हणजे लवंगा, इंग्रज म्हणजे चहाच्या पिशव्या, अमेरिकन म्हणजे एम अँड एमच्या चॉकलेटगोळ्या. रशियनांचे कांदे, कारण तेच सगळ्यात जास्त लागणार होते.

टेबल छान सजलं. लवंगा मॉस्कोच्या दारापर्यंत गेल्या, थंडीत अडकल्या. मिलिंदच्या बायकोनं पोह्यांसाठी स्टालिनग्राडमधून दोन कांदे उचलून नेले, तरी रशिया हटला नाही. आम्ही टाळ्या वाजवत होतो.

काका टेबलाभोवती एक फेरी मारून आले. "आमचे कुठं आहेत?"

ओंकारचा चेहरा उतरला. त्याला रणगाड्यांचे नटबोल्ट पाठ, पण हिंदुस्थानी पलटणींसाठी त्यानं काहीच ठेवलं नव्हतं. चहाच्या पिशव्यांमध्येच धरले होते म्हणाला.

मिलिंदनं घाईघाईनं शेंगदाण्यांचा डबा आणला. काकांनी मूठभर न घेता एकच दाणा घेतला. मिलिंदनं पलटणीचं नाव सांगितलं, तसं इटलीच्या पूर्व किनाऱ्यावर ओंकारनं बोट ठेवलं, तिथल्या एका नदीच्या काठी. काकांनी दाणा तिथे ठेवला आणि हात मागे घेतला.

त्या दिवशी युद्ध तिथेच थांबलं. टेबल आवरताना त्या दाण्याला कुणी हात लावेना. पुढचे तीन रविवार पिंगपाँग बंद होतं.

*

वातावरण हलकं करायला मी माझ्या आजोबांची गोष्ट काढली. आजोबा ब्रह्मदेशात होते, ऐन जूनमध्ये जंगलात जपानी रणगाडा समोर आला, जवळ काडतूस नाही. मग पोत्यातली नागपुरी संत्री उतारावर ओतली, रणगाडा घसरला तो थेट नाल्यात! मी हातवारे करून सांगत होतो. शलाका पण नागपूरची. संत्री कुठल्या महिन्यात येतात हे तिला माहीत, ती माझ्याकडे बघत राहिली.

खरं म्हणजे आजोबा देवळालीला लष्कराच्या बुटांच्या कोठारात कारकून होते. जपानी त्यांनी वर्तमानपत्रात बघितले.

काका मात्र शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकत होते. त्यांनी एकच विचारलं, "परत आले का?"

"आले की. नव्वदीपर्यंत होते."

"मग सांग तू काहीही," काका म्हणाले. "परत आलेल्याचं सगळं खरं असतं."

संत्र्यांची गोष्ट मी त्यानंतर कुठेच सांगितलेली नाही.

*

ऑपरेशनला दहा दिवस उरले तसं मिलिंदनं गुरुजींना फोन लावला. गुरुजी शनिवार-रविवार पूजा सांगतात, एरवी तेही सॉफ्टवेअरमध्येच. त्यांनी शांतपणे सांगितलं की बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट बघायची, मग दर्भाचा पुतळा करून क्रिया उरकायची. शास्त्रात सोय आहे.

फोन स्पीकरवर होता. काकांनी ऐकलं. म्हणाले, आईनं साठ वर्षं वाट बघितली, मी पुतळा जाळून तिला खोटं कसं पाडू? कुणीतरी बघितलेलं पाहिजे. कुठंतरी लिहिलेलं पाहिजे.

गुरुजी म्हणाले, तसं कळलं तर दिवस-वेळ बघू नका, मरणाची बातमी ऐकली की आधी आंघोळ करायची, मग मला लगेच फोन करा, मी मीटिंग सोडून येतो.

*

आता शेवटचा.

ऑपरेशन मंगळवारी होतं. त्याच्या आधीचा रविवार. काका रोजच्यासारखे सहालाच आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गॅरेजात येऊन बसले होते. ओंकार दहाच्या आधी आला. कधी नव्हे ते रणगाड्यांविषयी एक शब्द बोलला नाही.

त्याला सापडलं होतं. युद्धात मेलेल्यांची नोंद ठेवणारी एक वेबसाइट आहे. काकांच्या वडिलांचं नाव गणपत, आणि त्या नावाचे तिथे कितीतरी होते. त्यानं पलटण लावली, साल लावलं, जिल्हा लावला, तेव्हा एकच उरला. मिलिंदला त्यानं आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं. काळे तीळ आणि दर्भ आतल्या खोलीत तयार होते, गुरुजी फोनजवळ होते.

लॅपटॉप काकांच्या मांडीवर ठेवला. ओंकारनं त्यांच्यासाठी सावकाश मराठीत वाचलं. शिपाई गणपत धोंडिबा. वय बावीस. सखुबाईचा नवरा. पुढे गावाचं नाव, तालुक्याचं नाव, जिल्हा सातारा. देह नदीकाठी मिळाला, धर्माप्रमाणे दहन झालं, नाव तिथल्या स्मारकाच्या दगडावर आहे.

काकांनी पडद्यावर बोट ठेवलं आणि ओळीवरून सरकवत नेलं. इंग्रजी त्यांना वाचता येतं. दोनदा वाचलं. वयाच्या आकड्यावर बोट जरा थांबलं.

मग लॅपटॉप मिटला.

"हे आमचे नव्हेत."

मिलिंद खाली बसला, त्यांच्या गुडघ्याजवळ. "नाना, आजीचं नाव आहे. गाव आपलं आहे."

"सखुबाई गावात चार होत्या," काका म्हणाले. "हे दुसरं कुणी."

शलाका काही बोलणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला.

बाहेर शेजाऱ्याचा मेव्हणा व्हॅन धूत होता, पाण्याचा आवाज येत होता. काकांनी माझ्याकडे बघितलं. चौघांत माझ्याकडेच का, माहीत नाही.

"बावीस वर्षांचं पोर. याच्या घरी कुणी कळवलं होतं का रे?"

मी म्हणालो, "हो काका. पलटणीतला माणूस स्वतः गेला होता. घरच्यांनी सगळं रीतीनं केलं."

"मग बरं."

ते खुर्चीचे हात धरून उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"मिलिंद, मला आंघोळीला पाणी काढ."