काळे दात

काल धामणकर नाक्यावरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी औषधाची बाटली उघडली. "लेकीच्या दाताची कीड थांबेल, पण दात काळा पडेल. चालेल?" तो उग्र वास नाकात शिरला आणि मी एकदम सहा वर्षांची झाले.

पाड्यावरच्या शाळेत, दात तपासणीच्या शिबिरात आलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या पुढच्या दोन दातांना हेच औषध लावलं होतं. दात शाईसारखे काळे झाले. वर्गाच्या फोटोच्या दिवशी गुरुजी आईवर खेकसले, "एवढ्याशा पोरीला मिश्री लावायला शिकवलंत? मागे उभी करा हिला, तोंड मिटून."

पूर्णा गावच्या गोदामात ड्युटीला निघालेली आई थबकली. "मिश्री न्हाय गुरुजी, दवा हाय ती. कीड मेली तिथं. पोरीनं तोंड का म्हणून लपवायचं?" तिनं मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवलं. "हस गं!"

मी हसले, पण तेव्हा मला आईचीच लाज वाटली होती. आता तो फोटो पाहिला की बाकी सगळ्यांची तोंडं मिटलेली दिसतात. हसणारी मी एकटीच.

"चालेल ना?" डॉक्टरांनी पुन्हा विचारलं.

"लावा," मी म्हणाले. "शाळेत कुणी बोललंच, तर उत्तर द्यायला मी आहे."