पॅकेजमधी नसलेलं काम

कामठ्याचा उदाराम लगनात रुसलेल्या पाहुन्याले मनवून मांडवात आने. तो वारला, अन् सा महिन्यानं त्याच्या पोरीचं, रुचीचं लगन आलं. रुचीचा भाऊ चंद्रकुमारनं लगनाचं सारं पाहाले गोंदियाहून इव्हेंटवाला बोलावला. ते ऐकून उदारामचा मोठा भाऊ परसराम भडकला, "मी मेलो का? येतच नाही मी लगनात!" उदारामची बायको पुष्पाबाई घाबरली. बापाच्या जागी तोच तं उभा राहनार होता.

तिनं इव्हेंटवाल्याले इचारलं, "रुसलेल्याले कोन मनवन?"

"काकी, वो पॅकेज में नहीं."

ती तशीच परसरामच्या घरी गेली. "दादा, बाकी सारं तो करन. तुमच्या भावाची मनवाची जागा रिकामी हाय. तुमीच रुसले तं कोन करन?"

परसराम रडला, अन् मंग चप्पल शोधाले लागला.