वर, पण खाली

गाडीचं काम संपलं की दामिनी आधी ताडपत्रीला पालथा हात लावायची. तळहात स्वतःच्याच दाबाला ताण समजतो, हे तिला उमरेडच्या विणकरांच्या गल्लीत लहानपणीच कळलं होतं. तिथं सकाळी उभे धागे या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणून त्यांना खळ लावायचे, आणि घरातलं जे कुणी मोकळं असेल त्यानं कडेकडेनं चालत पालथ्या बोटांनी ताण चाचपायचा. एक बाजू सैल राहिली तर पुढं लुगड्याला पोक यायचा. माग केव्हाच उतरले. तिचे वडील बाबनराव आता अंगणात सदाफुली लावत होते. पण हात काही विसरला नव्हता. फक्त त्याखाली धाग्यांच्या जागी जाड ताडपत्री, नायलॉनचे पट्टे आणि जीपच्या छतावरची लोखंडी जाळी आली होती.

उमरेड रोडवर, दिघोरीच्या पुढं, तिचं आणि भूपेशचं वर्कशॉप होतं. भूपेश छिंदवाड्याचा, वेल्डिंगमध्ये वाढलेला. दोघांची ओळखही वेल्डिंगच्या दुकानातच झाली, त्यामुळं लग्नानंतर अहो-जाहो काही जमलं नाही. आधी स्कूल व्हॅनच्या सीटा आणि ट्रॅक्टरचे टप केले. मग कुणी तरी एकानं जीप आणून विचारलं, "यात झोपता येईल असं काही करता का?" आणि दामिनीनं जरा वेळ गाडीभोवती फिरून सांगितलं, "झोपता येईन, रांधता येईन, पाव्हना आला त बसवता येईन." तेव्हापासून लांबच्या रस्त्यांना निघणाऱ्या गाड्या तिच्याकडं यायला लागल्या. फळ्यांचे कप्पे, मागच्या दारावर उघडणारा ओटा, दुसरी बॅटरी, आणि बाजूला ताणायची ताडपत्रीची सावली. गिऱ्हाइकं त्या सावलीचं इंग्रजी नाव घ्यायची. दामिनी तिला ओसरी म्हणायची. हळूहळू गिऱ्हाइकंही ओसरीच म्हणायला लागली.

शोभाताई आल्या त्या स्वतः जीप चालवत. धरमपेठेतून दिघोरीपर्यंत, भर गर्दीतून, दुसऱ्या गिअरच्या वर न जाता. सत्तरीच्या उंबरठ्यावरची, बारीक चणीची बाई, पायात कापडी बूट. उतरल्या आणि म्हणाल्या, "मला बस्तरमधून कोरापूटला जायचंय. तिथून समुद्रापर्यंत. एकटीनं. गाडी तयार करून द्या."

त्यांची नोकरी माती तपासणीच्या प्रयोगशाळेत झाली होती. सगळा जिल्हा त्यांनी पिशव्यांतून नागपुरात आणला होता, पण कायम सरकारी जीपच्या मागच्या बाकावर बसून. पुढं ड्रायव्हर आणि साहेब. निवृत्तीनंतर त्यांनी ही जुनी जीप घेतली, चालवायला शिकल्या, आणि आता त्यांना पुढं बसून पाहायचं होतं. एवढंच.

दामिनीला बाई आवडली. तिनं गाडी आतून पाहिली आणि पहिलीच गोष्ट सांगितली, "ताई, हा मागचा बाक काढू. तिथं बुडाशी पान्याची टाकी बसते. पक्की. पानी म्हंजे सगळ्यात जड सामान."

शोभाताईंनी बाकावर हात ठेवला. मग म्हणाल्या, "बाक राहू दे. अंकुर म्हणतो, कुणी तरी सोबत असायलाच हवं. बाक काढला तर तो जाऊच द्यायचा नाही."

अंकुर त्यांचा मुलगा, पुण्यात असतो. वाईट नव्हता. आईच्या गुडघ्याची, रस्त्यावरच्या ट्रकची, नसलेल्या नेटवर्कची अशा त्याच्या काळज्या होत्या आणि त्या खऱ्या होत्या. त्यानं एक अट घातली होती. आधी एक रात्र पारशिवनीकडं कुठं तरी मुक्काम करायचा, तोही बरोबर येईल, गाडी बनवणारीनंही यावं. काही अडलं तर जीप विकायची. खापरखेड्याचा एक माणूस घ्यायला तयारच होता. त्याला सिमेंटच्या गोण्या वाहायच्या होत्या.

बाक राहिला. टाकी गेली. तिच्या जागी पाण्याचे दोन मोठे कॅन घ्यायचे ठरलं. दामिनीला ते रुचलं नाही, पण तिनं बाकाखाली त्यांच्यासाठी नेमकी जागा केली, पट्टे लावले, आणि कप्पा ओढून, ढकलून, लाथ मारून पाहिला. गोण्यांचा विचार ती करायची नाही. करायची वेळ आली तर तिला आपले कप्पे दिसायचे, उचकटून नालीपाशी टाकलेले.

ज्या दिवशी निघायचं, त्याच्या आदल्या दिवशी बाबनरावांचा डोळा दुखायला लागला म्हणून ती उमरेडला गेली. सकाळी तिथूनच धरमपेठेत पोचायचं होतं. गाडी भरून नेऊन द्यायचं काम भूपेशकडं होतं. सकाळी उमरेडहून निघता निघता तिनं त्याला फोन केला.

"बिछाना ठेवला?"

"ठेवला."

"गॅस?"

"बांधला. तू धरमपेठेत पाह्यशील तेवढंच बाकी हाये."

"अन् आयक, जाळीवर वजन नको. पान्याचे कॅन खाली ठेवजो."

"हो वं. खालीच ठेवतो."

धरमपेठेत पोचल्यावर तिनं ओसरीची गुंडाळी चाचपली, चाकं पाहिली, जाळीवरच्या ताडपत्रीच्या दोऱ्या पालथ्या हातानं तपासल्या. दोऱ्या सारख्या ताणलेल्या होत्या. बाकाखालचा कप्पा तिनं पाहिला नाही. अंकुरची बॅग तिथं आडवी होती, आणि दोऱ्यांचा ताण इतका बरोबर असलेल्या माणसानं बाकीचंही बरोबर केलं असणार, असं तिला वाटलं.

पारशिवनीच्या पुढं, तुरीच्या दोन शेतांच्या मधल्या पडीक तुकड्यावर शोभाताईंनी जीप थांबवली. जागा त्यांच्या ओळखीची होती. "इथली माती मी नेली आहे," त्या म्हणाल्या, जणू माहेरच्या कुणाबद्दल बोलत होत्या. थंडीचे दिवस होते. ऊन तिरपं झालं होतं आणि तुरीच्या शेंगांवर हलकं लाल दिसत होतं. दामिनीनं ओसरी ताणली. अंकुरनं तिच्या सावलीत खुर्ची उघडली, बसला, वर पाहिलं. "बरं केलंय हे," तो म्हणाला. तो असं काही म्हणेल, अशी दामिनीची अपेक्षा नव्हती.

शोभाताईंनी मागच्या दाराचा ओटा उघडला, शेगडी काढली, पातेलं ठेवलं. वाटेतल्या बाटल्या संपल्या होत्या. "दामिनी, पाणी दे ग."

दामिनीनं अंकुरची बॅग सरकवली. कप्पा उघडला. आत नीट झाडलेली फळी होती, आणि दोन पट्टे कुणाचीच वाट न पाहता लोंबत होते.

तिनं फोन लावला. माळावर शांतता असल्यानं भूपेशचा आवाज सगळ्यांनाच ऐकू येत होता.

"भूपेश, पान्याचे कॅन कुठी ठेवले गा?"

"वर. जाळीवर."

"म्या खाली ठेवजो म्हटलं होतं."

"हो मंग. खालीच हायेत."

"आत्ता त म्हणाला वर हायेत."

"वर हायेत, पन खाली हायेत."

दामिनीनं डोळे मिटले. नागपुरात खाली म्हणजे रिकामंही: ट्रक खाली होतो, गोदाम खाली होतं, घर खाली असलं की भाड्यानं जातं. भूपेशचा तर जन्मच असे ट्रक खाली होताना पाहण्यात गेला होता.

"तूच त म्हणली वर वजन नको," भूपेश सांगत होता. "मंग म्या दोन्ही कॅन उपडे केले, निथळवले, अन् बांधून देल्ले. एक थेंब नाही आत. पाह्य तू." त्याच्या आवाजात काम चोख झाल्याचं समाधान होतं.

"निथळवलेबी?"

"मंग काय त! काहून वं, काय झालं?"

"काही नाही. चहा ठेवून राहिलो. पानी नाही."

 मग भूपेश हळूच म्हणाला, "सकाळी नळाले धार त लय मस्त होती."

शोभाताईंना हसू फुटलं. त्या ओट्याला धरून हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या. अंकुर हसला नाही.

"आई," तो म्हणाला, "मी हेच म्हणत होतो. इथं आपण तिघं आहोत, नागपूर जवळ आहे. तिकडं जंगलात तू एकटी असशील आणि कळेल की पाणीच नाही. तेव्हा कुणाला फोन करणार?"

बोलणं खोटं नव्हतं. दामिनी त्याच्यासमोर उभी राहिली. "चूक माझी आहे, दादा. भूपेशची नाही, ताईची त नाहीच. म्या शब्द चुकीचा वापरला, अन् कप्पा न पाहता निघाले. मी आणते पानी. जीप द्या."

ती चावीसाठी हात पुढं करून थांबली. चावी शोभाताईंच्या मुठीत होती, आणि मूठ उघडली नाही.

"जंगलात तू असणार आहेस का?" शोभाताईंनी विचारलं.

"नाही."

"मग बस बाजूला." त्यांनी पातेलं पालथं घातलं, शेगडी आत ठेवली, ओटा बंद केला. ओसरी त्यांनी स्वतः सोडली, दामिनीनं शिकवलं होतं तशी, वाऱ्याकडची दोरी शेवटी. "नाल्यापलीकडं विहीर होती. मातीत पाणी किती खोल लागतं ते आम्ही तिथं विचारायचो. बुजवली नसेल. अंकुर, मागं बस."

अंकुर मागच्या बाकावर बसला. पाय दुमडून, डोकं छताला लागू नये म्हणून वाकून.

नाल्याची उतरण तिरपी होती. दामिनीनं एका हातानं दांडा धरला आणि दुसरा हात मांडीवर दाबून ठेवला, कारण तो स्टिअरिंगकडं जायला निघाला होता. शोभाताई कडेला थांबल्या. उतरून चार पावलं पुढं गेल्या, बुटाच्या टोकानं माती उकरली, चिमूट घेऊन बोटांत चोळली. परत आल्या. "वरून कोरडी आहे, आत चिकट. डावीकडून मुरूम आहे, तिथून जाते." चारही चाकांना इंजिनचा जोर जोडला, पहिला गिअर टाकला आणि ब्रेकला पाय न लावता गाडी उतरू दिली. जीप एका कुशीवर कलली, सावरली, मुरमावरून खडखडत पलीकडं चढली. दामिनीचा हात मांडीवर आपोआप सैल झाला.

विहीर होती. तिच्यावर मोटार बसली होती, आणि मोटारीपाशी मिरच्या तोडून परतणारी पंचफुला नावाची बाई होती. "माती नेणाऱ्या मॅडम काय वं तुमी?" तिनं शोभाताईंकडं निरखून पाहत विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता बटण दाबलं. "तवा मागं बसून राहायच्या तुमी. आता डायवर कोन हाये?"

"मीच."

"अन् मागं?"

"पोरगा."

"बरं हाये," पंचफुला म्हणाली. "आता त्याले बसू द्या गचके खात."

भरलेले कॅन अंकुरनं उचलले. एक त्यानं, आधी होता तिथंच ठेवायला, जाळीकडं नेला. दामिनी काही बोलायच्या आत तोच थांबला, परत आला, आणि दोन्ही कॅन बाकाखालच्या कप्प्यात सरकवले. पट्टे त्यानं ओढले. दामिनीनं पालथा हात लावला. एक पट्टा सैल होता. तो तिनं आवळला.

परतताना त्याच तिरप्या उतरणीवर जीप जाताना जितकी कलली होती तितकी कलली नाही. मागं अंकुरच्या पोटऱ्यांना कॅन टेकलेले होते. पाणी आत हलत होतं, गाडी हलत नव्हती.

"मागं कसं वाटतं?" शोभाताईंनी आरशात पाहून विचारलं.

"काही दिसत नाही इथून, आई. तुझं डोकं आणि धूळ."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.

चहा झाला तेव्हा सूर्य तुरीच्या मागं गेला होता. अंकुरनं दोन कप घेतले. आईनं शेगडी कशी लावली, झाकण कशावर ठेवलं, ओसरी पुन्हा कशी ताणली, ते तो पाहत राहिला. बोलला मात्र सकाळी, दात घासून झाल्यावर, त्याच कॅनच्या पाण्यानं चूळ भरून.

"दामिनीताई, ती टाकी बसवायची म्हणाला होतात ना. पक्की."

"बाक आहे तिथं."

"तो काढा."

शोभाताई बिछान्याची घडी करत होत्या. घडी अर्ध्यात थांबली. "मग सोबतच्या माणसानं बसायचं कुठं?"

"कोण माणूस?" अंकुर म्हणाला. "रोज संध्याकाळी फोन करायचा. नेटवर्क नसेल तर नेटवर्क सापडेपर्यंत गाडी चालवायची. खापरखेड्याच्या माणसाला मी नाही म्हणून सांगतो."

शोभाताईंनी घडी पूर्ण केली. कोपऱ्याला कोपरा जुळवून, हातानं दाबून.

तो बाक आता दिघोरीच्या वर्कशॉपच्या दारात आहे. येणारी गिऱ्हाइकं त्यावर बसतात. तो काढला त्या दिवशी भूपेश टाकी दोन्ही हातांत धरून जीपच्या मागं उभा होता.

"हे खाली बसवू ना वं?" त्यानं विचारलं.

दामिनी ताडपत्री शिवत होती. तिनं सुई थांबवली आणि त्याच्याकडं नुसतं पाहिलं.

भूपेश हसला. "बुडाशी," तो म्हणाला.

"अन्?"

"अन् भरून."