चिमणीवर गेलेलं वैनीचं बोलणं

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, दादाजवळ नाही — आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या दुकानात कधी आलेला नाहीत, उद्या येऊन वैनीकडे बघून हसणारही नाहीत. एवढा भित्रा मी आहेच. ते आधीच कळलेलं बरं.

तसं माझं चांगलं चाललंय. तलवाड्यात आमचं भांड्यांचं दुकान आहे. दादा माल घेऊन आठवडी बाजार करतो, मी गल्ल्यावर बसतो आणि भांड्यांवर नावं घालतो. भाचीच्या लग्नात मामानं हंडा दिला तर त्यावर मामाचं नाव नको का? छोटंसं मशीन, टर्र टर्र करत पितळेवर अक्षरं उठवत जायचं — देणाऱ्याचं नाव, गाव, सप्रेम भेट. नाव न घालता दिलेलं भांडं आमच्याकडे कुणी दिलेलंच धरत नाही. थोड्या जागेत मजकूर बसवायचा हात मला त्यातूनच आला. आणि तोच हात — पण आधी वैनीचं सांगतो.

वैनी म्हणजे दादाची बायको, शिवकांता. माहेर पालीचं. दुपारी मी जेवायला आत गेलो की ती गल्ल्यावर बसायची आणि दुकानात हशा सुरू व्हायचा. एक म्हातारबा पातेलं उलटंसुलटं करून वाजवत होता, वाजवतच होता. वैनी म्हणाली, “मामा, पातेलं किती वाजवताव! जावई केला तवा एवढं वाजवून बगितलं व्हतं का?” म्हातारबा हसून हसून खोकायला लागला आणि पातेलं घेऊन गेला. अशी ती. ठरवून काही बोलायची नाही, समोर येईल त्याला तिथल्या तिथं, आणि बोललेलं विसरूनही जायची. मी आत ताटावर बसून ऐकायचो. जेवणाला चव त्यानंच यायची — खरंच सांगतो.

त्याच सुमारास माझ्या मोबाईलवर ती निळी चिमणी आली. बीडच्या एका व्यापाऱ्यानं ॲप टाकून दिलं. थोडक्यात लिहायचं आणि साऱ्या जगानं वाचायचं — एवढाच खेळ. पुढारी तिथं बोलायचे आणि दुसऱ्या दिवशी पेपरात तेच यायचं. कुणी तिथं रक्त मागितलं तर रक्त मिळायचं, कुणी एकमेकांच्या जातीवर उतरायचे, सगळंच होतं. तेव्हा एकशेचाळीस अक्षरांच्या पुढं जाता यायचं नाही, काना-मात्रासुद्धा त्यातच धरायची. शिकलेल्यांची दमछाक व्हायची. मला काय? माझा तर धंदाच तो. पण लिहायचं काय, हा प्रश्न होता. मला स्वतःला कधी काही सुचलेलं नाही.

म्हणून पातेल्याचं लिहिलं. ‘गल्ल्यावरचा’ असं खात्याला नाव दिलं, माझं नाव कुठंच नाही. गंमत म्हणून — असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

संध्याकाळपर्यंत शेकडो लोकांनी ते पुढं पाठवलं होतं. पुढं एका उन्हाळ्यात वैनी वैतागून म्हणाली, “मत मागाया आला तवा आमच्या घरचं पानी पेला. आता टँकर मागितला तर तुमाला तहान कशापायी लागती म्हनतो.” हे मी टाकलं आणि मग विचारूच नका. पेपरानं छापलं. गेवराईच्या सभेत एकानं भाषणात म्हटलं, टाळ्या घेतल्या. मी गर्दीत उभा होतो आणि छाती भरून आली होती. माझी! माझी कशाला भरून यायची? पण आली.

वैनीकडं बटनाचा फोन. तिला चिमणी माहीत असायचं कारण नव्हतं. मी सांगणार होतो हो. आज सांगू, दिवाळीत सांगू, खात्याला हजार लोक जोडले गेले की पेढे घेऊन सांगू. हजार झाले. पेढे आणले — दुकानाचा माल चांगला खपला म्हणून सांगितलं. वैनीनं दोन खाल्ले.

इथपर्यंत ही चोरी झाली. चोरीचं मला फारसं वाटत नाही, हेही सांगून टाकतो. पुढचं वाटतं.

मांजरसुंब्याला नात्यातलं लग्न होतं. जेवणं झाली, बायका घोळक्यानं बसल्या होत्या आणि वैनी रंगात आली होती. दादाकडं हात करून म्हणाली, “आमचे हे आन मोबाईल, दोगं सारकेच. कामाच्या वक्ताला चार्जिंग संपलेलं.” कुणी हसायच्या आत एक कॉलेजातली पोरगी बोलली, “मावशी, हे तर मोबाईलवर कवाच येऊन गेलंय. त्या गल्ल्यावरच्याचं हाय. तुमी त्याचं ढापलं!” मग मात्र सगळ्या हसल्या. वैनीच्या बोलण्यावर नाही — वैनीवर.

मी दोन खुर्च्या सोडून बसलो होतो. तोंडात बुंदी होती. ती गिळून एवढंच म्हणायचं होतं — तिचंच आहे ते, मी ऐकलंय, आमच्या दुकानात. गल्ल्यावरचा कोण, हे सांगायचीसुद्धा गरज नव्हती. म्हणालो नाही. बुंदी चावत राहिलो.

परतताना जीपमध्ये वैनी हळूच म्हणाली, “भावजी, कोन हाय हो तो? माज्या मनातलं त्याला माज्या आदी कसं कळतं?” आणि तुम्हाला खरं वाटणार नाही, तिच्या आवाजात राग नव्हता. कुठंतरी आपल्यासारखं कुणी आहे, याचं थोडं कौतुकच होतं. मी म्हणालो, “असंल कुनीतरी पुन्याचा.”

त्या दिवसापासून ती मला विचारून बोलायला लागली. काही सुचलं की गिऱ्हाईक जाईपर्यंत थांबायची, मग मला म्हणायची — हे त्या बाबाचं न्हाई ना? मी मोबाईल काढून बघितल्यासारखं करायचो. नाही म्हणायचो. आणि रात्री तेच टाकायचो. मी काय माणूस होतो? लाज वाटत नव्हती का? वाटत होती. टाकत होतो.

मग तिनं विचारणं बंद केलं. विचारण्यासारखं काही बोलेनाच. पातेल्याची किंमत सांगायची, पिशवी द्यायची, बस. दुपारी मी आत ताटावर बसायचो आणि बाहेरून फक्त भांड्यांचा आवाज यायचा. वैनीची तब्येत बरी न्हाई का, असं गिऱ्हाईकं मला विचारायला लागली. आणि मी चिमणीवर लिहिणं थांबवलं ते काही पश्चात्तापानं नाही — माल संपला म्हणून. स्वतःच्या मनाचं एकदोनदा लिहून बघितलं. कुणी ढुंकून बघितलं नाही.

पुढं चिमणीचंही रूप पालटलं. अक्षरं दुप्पट झाली आणि लोक लांबण लावायला लागले. मोठ्यांनाच मिळणारी निळी खूण विकत मिळायला लागली. एक दिवस चिमणीच उडाली आणि तिच्या जागी काळी फुली आली. माझं खातं तिथं आहे अजून. मला ती फुली बघून बरं वाटलं होतं, का ते ठाऊक नाही.

वैनी आता पुन्हा बोलते. पहिल्यासारखं नाही, पण बोलते. घरात हसणं-खिदळणं आहे, दुकान चालतंय, दादाची आणि माझी एक चूल आहे. मी सुखी आहे. लपवत नाही.

परवा तिच्या लेकीचं लग्न झालं. त्याआधी एका दुपारी तिनं तांब्याची घागर निवडून माझ्यापुढं ठेवली. नाव घाला म्हणाली — तिचं एकटीचं, दादाचं नको. मी मशीन लावलं. ती शेजारी उभी राहून अक्षर न् अक्षर बघत होती. “नीट खोल घाला भावजी,” ती म्हणाली. “मागून कुनी म्हनाया नको, दुसऱ्याची हाय.”

मी वर बघितलं नाही. शिवकांता, पाली — असं घातलं, खोल घातलं. तिनं पदरानं घागर पुसली, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि खूश होऊन आत गेली.

ती घागर सोडली तर तिच्या कुठल्याच गोष्टीवर मी तिचं नाव घातलेलं नाही.