सत्तावीस नंबरचा आलेख

आमच्या कॉलेजात काही वर्षांपूर्वी एक साथ आली होती. आंतरविद्याशाखीय संशोधन तिचं नाव. प्राचार्यांनी मीटिंगमध्ये जाहीर केलं की एकट्यानं पेपर लिहायचे दिवस संपले, आता दुसऱ्या शाखेचा माणूस बरोबर असेल तरच प्रकल्पाला किंमत. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. बढती अडकून पडली होती आणि माझ्यानंतर लागलेले लोक माझ्या पुढं चालले होते, तेव्हा मीही कंबर कसली. व्यवस्थापन विभागातल्या एका सहकाऱ्याला गाठलं, त्यानं त्याच्या ओळखीच्या एका हृदयरोगतज्ज्ञांना गाठलं. अर्जावरच्या तीन सह्या बघून आमचे ऑफिसातले जुने क्लार्क म्हणाले, "मॅडम, तीन तिगाडा काम बिगाडा." मी हसले. त्यांना काय कळतंय, असंही मनात आलं.

कल्पना वाईट नव्हती, हे मी आजही म्हणेन. छातीला बांधायचा एक स्वस्त पट्टा. माणूस काम करत असतानाच त्याच्या हृदयाच्या ठोक्यांचा आलेख त्यात उतरायचा. पट्टा माझा. कामगारांच्या तब्येतीवर लक्ष ठेवलं तर कारखान्याचा किती फायदा होतो हे सहकारी मांडणार होता. आलेख वाचायचे होते डॉक्टरांनी. प्रत्यक्षात प्रत्येकानं आपापला तुकडा उचलला आणि दुसऱ्याच्या ताटात डोकावायचं नाही असा शिष्टाचार पाळला.

सोलापुरातच, अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेलच्या कारखान्यानं आम्हाला आत घेतलं. मालकाची अट एकच, माग बंद राहणार नाहीत. त्यामुळं चालू पाळीतच पट्टे बांधायचे ठरलं. माग चालू असताना त्या शेडमध्ये शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं आणि पायाखालची फरशी सतत हादरत असते. मला त्याचं काही वाटलं नाही. माझे वडील गिरणीत विणकर होते, आणि मागाचा आवाज मला झोपेतही कळतो असं मी मुलाखतींमध्ये मोठ्या तोऱ्यात सांगत असे.

नावं गुप्त ठेवायची म्हणून प्रत्येकाला नंबर दिला होता. सत्तावीस नंबर म्हणजे पन्नाशीचा एक किरकोळ बांध्याचा माणूस. घरात तेलुगू, आमच्याशी सोलापुरी मराठी. बाकीचे पट्ट्याची चेष्टा करत होते, एक जण दुसऱ्याला म्हणत होता, "तुझ्या छातीत काय निघणार बे, तंबाखूचा मावा निघंल." हा मात्र गप्प उभा राहिला. पट्टा आवळताना त्यानं मला विचारलं, "मॅडम, आतलं समदं कळतंय का ह्याच्यात?"

"कळतं."

"महिना झाला, मधीमधी धडधडालंय. मग एकदम थांबल्यासारखं होतंय."

"डॉक्टर बघतील की आलेख. काही असलं तर सांगू तुम्हाला," मी म्हणाले. संमतीच्या कागदावर त्यानं तेलुगूत सही केली आणि आपला नंबर दोनदा विचारून पाठ केला.

सगळे आलेख कॉलेजात आणून मी संगणकावर उघडले तेव्हा बरेचसे थरथरलेले होते. जमीन हादरतेय म्हटल्यावर ते होणारच. मी एक मर्यादा ठरवली. त्या मर्यादेपलीकडे वेडावाकडा गेलेला आलेख म्हणजे मागाचा हादरा, तो बाद. आमच्या धंद्यात याला डेटा साफ करणं म्हणतात आणि ते चांगल्या कामाचं लक्षण समजलं जातं. बाद आलेख मी एका फोल्डरमध्ये टाकले, फोल्डरला 'खराब' असं नाव दिलं, आणि उरलेले स्वच्छ आलेख डॉक्टरांकडं पाठवले. त्यांनी ते बघितले आणि पट्टा उत्तम चालतो असा शेरा दिला. बाकीचे कुठं गेले हे त्यांनी विचारलं नाही. सहकाऱ्याला त्याच्या तक्त्यांपुरती माणसं मिळाली होती, त्यानंही विचारलं नाही. सत्तावीस नंबर 'खराब'मध्ये होता.

पंधरा दिवसांनी मी कारखान्यात गेले तेव्हा त्यानं माग सोडून माझ्याजवळ येऊन विचारलं, "सत्तावीस नंबरचं काय आलं?" मी म्हणाले, "त्यात मागाचा हादरा आलाय, परत घ्यावा लागेल." पुढं एका सुट्टीच्या दिवशी तो सायकलीवरून थेट कॉलेजच्या गेटवर आला. वॉचमननं मला फोन केला. मी परीक्षेच्या गडबडीत होते. खाली उतरले ती कपाळाला आठ्या घालूनच. त्यानं पुन्हा तेच विचारलं, मीही तेच उत्तर दिलं, वर "घेऊ की, घाई काय आहे," असंही म्हणाले. तो "बरं बरं" म्हणत निघाला. घाई मला होती. पेपर पाठवायची तारीख जवळ आली होती, आणि एका माणसाच्या आलेखासाठी पुन्हा सगळं सामान घेऊन कोण जाणार?

पेपर छापून आला. प्रकल्पाच्या अटीप्रमाणं नावं आणि नंबर जुळवणारी यादी सहकाऱ्यानं फाडून टाकली, फाडल्याचा दाखलाही फायलीला लावला. सभागृहात आमचा सत्कार झाला. तीन शाखा एकत्र आल्या की काय घडतं याचं उदाहरण म्हणून प्राचार्यांनी आमच्याकडं बोट दाखवलं. माझी बढतीही झाली, हेही सांगून टाकते.

प्रकल्पाच्या दुसऱ्या टप्प्याचं पत्र द्यायला मी कारखान्यात गेले तेव्हा त्याच्या मागांवर दुसराच माणूस होता. माग दुरुस्त करणाऱ्या जॉबरला विचारलं. तो हात पुसत म्हणाला, "ते गेले की मॅडम. दिवाळीच्या आधी. घरातच, सकाळी चहा पिता पिता."

मी पत्र न देताच परत आले आणि फोल्डर उघडला. तो एवढ्या वेळा आपला नंबर सांगून गेला होता की मला यादीची गरजच पडली नाही. आलेख कागदावर छापला आणि डॉक्टरांकडं गेले. त्यांच्या बाहेर पेशंट ताटकळत होते, तरी त्यांनी कागद हातात घेतला आणि खाली ठेवलाच नाही.

"हा मला का नाही दाखवलात?"

"मागाचा हादरा वाटला."

"माग कसा वाजतो, मॅडम? तुम्ही तर विणकराच्या घरातल्या."

"एकसारखा."

"मग हे एकसारखं आहे का? हे बघा, इथं ठोका चुकलाय. इथं नुसता धावत सुटलाय. परत चुकलाय. माग असा चुकत नाही." त्यांनी कागद पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बघितला. मग म्हणाले, "हा माणूस मी त्याच दिवशी भरती केला असता. आणि बाकीचे कुठं गेले हे मीही विचारायला पाहिजे होतं."

एवढं ऐकल्यावर मला माझीच किळस आली. मला न येणारी गोष्ट चुकली असती तर एक वेळ चाललं असतं. मला येत असलेलीच गोष्ट मी बघितली नव्हती. सहकाऱ्याला फोन केला तर तो म्हणाला, "हे निदान नाही, असं आपण संमतीपत्रात स्पष्ट लिहिलंय. कायद्यानं आपल्याला काही होत नाही." खरंच लिहिलं होतं, शेवटच्या पानावर, बारीक अक्षरात. तो कायद्याचं बोलत होता, आणि मला ते ऐकून क्षणभर हायसं वाटलं, याची लाज आजही वाटते.

जॉबरकडून पत्ता घेऊन मी त्याच्या घरी गेले. दोन खोल्यांचं घर. त्याची बायको दारातच मांडीवर सूप घेऊन विड्या वळत होती. मी कॉलेजची आहे म्हटल्यावर तिनं आत बोलावून पाणी दिलं आणि परत वळायला बसली. मी काही बोलायच्या आत तीच बोलू लागली.

"लई नाव घ्यायचे तुमचं. मी म्हणत होते, छातीत असं होतंय तर दवाखान्यात दाखवून या. तर म्हणायचे, कालेजच्या मॅडमनी मशीन लावून बघितलंय. काय असतं तर सांगितलं असतं की त्यांनी."

मी घरून ठरवून आले होते की आमच्याकडून आलेख वाचायचा राहून गेला एवढंच सांगायचं. आता ते वाक्य पुरेसं नव्हतं. आम्ही त्याचा आलेख नुसता टाकून दिला नव्हता, आमच्या भरवशावर तो दवाखान्यात जायचाच राहिला होता. आम्ही पट्टा बांधलाच नसता तर बायकोचं ऐकून तो कदाचित गेलाही असता. मी तिला सगळं सांगितलं, फोल्डरच्या नावासकट. मी रडले, आणि रडतानाही मला हे कळत होतं की तिनं आता मला दोन शब्द बोलावेत, शिव्या द्याव्यात किंवा माफ करावं, म्हणजे मी मोकळी होईन.

तिचे हात थांबले होते. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं विचारलं, "असे टाकलेले अजून किती हायत?"

"अकरा."

"त्यांना सांगितलं का?"

मी नाही म्हणाले. डॉक्टरांकडून आल्यापासून पाच दिवस मी त्या एकाच कागदाकडं बघत होते, बाकीच्या अकरांचा विचार माझ्या मनाला शिवलाही नव्हता. ते कोण आहेत हे आता कळायचा मार्ग नाही, नावं फाडली आहेत, तसा नियमच असतो, असं काहीतरी मी सांगायला लागले. तिनं ते शांतपणे ऐकून घेतलं.

"मग समद्यांनाच बोलवा की," ती म्हणाली. "आमच्या घरात झालं ते झालं. त्यांच्या घरात अजून व्हायचंय."

आम्हा तिघांच्या नावापुढं मोठमोठ्या पदव्या आहेत. हे आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं. मी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पुढच्या सुट्टीच्या दिवशी, माग बंद असताना, ते स्वतः दवाखान्यातलं मशीन घेऊन कारखान्यात आले. संमतीपत्रांवर नावं होती, त्यावरून जॉबरनं एकेकाला निरोप दिले. बहुतेक सगळे आले. दोघांना डॉक्टरांनी तिथूनच गाडीत घालून नेलं. त्यातला एक जण, "मला काय झालंय, उद्या पाळी हाय माझी," म्हणून भांडत होता. पेपर मागं घ्यायचं पत्र मी लिहिलं, त्यावर डॉक्टरांची सही झाली. सहकाऱ्याची अजून झालेली नाही, तो आता माझ्याशी बोलत नाही.

तिघे जण आले नाहीत. त्यांनी मधल्या काळात कारखाना सोडला होता. एक भिवंडीकडं गेला म्हणतात, दुसरा गावाकडं, तिसऱ्याचं कुणालाच माहीत नाही. फोन नंबर आम्ही घेतलेच नव्हते. ते तिघे त्या अकरांतले आहेत की नाहीत, हे मला सांगता येत नाही. त्यांची संमतीपत्रं मी माझ्या टेबलाच्या खणात ठेवली आहेत. एकावर तेलुगूत सही आहे, दोघांचे अंगठे आहेत.