काकूंना उचलता येईल अशी मशीन

फिटरकाका कुणाच्याही घरी गेले की आधी टेबलावर तळवा ठेवायचे. चहा नंतर, खुशाली नंतर. तळवा ठेवून जरा दाबायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "हलतंय." मग खिशातून कागदाची घडी काढून टेबलाच्या पायाखाली सारायचे आणि तेव्हाच कुठे खुर्चीवर टेकायचे, तेही खुर्चीची परीक्षा घेऊन. आमच्या गल्लीत काकांची घडी नाही असं घर सापडणार नाही. माझ्या देव्हाऱ्याखालीसुद्धा एक आहे.

तुमच्याही ओळखीत असा कुणी असेल. जन्मभर एकच काम केलेलं, आणि निवृत्त झाल्यावरही ते काम अंगातून उतरायला तयार नाही. काका मूळचे भुसावळकडचे. नोकरीसाठी इकडे कागद कारखान्यात आले, तिथेच फिटर म्हणून आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर बऱ्हाणपुरात, इतवाऱ्याच्या मागच्या आमच्या गल्लीत घर घेऊन राहिले. कारखान्यातल्या मशीन घराएवढ्या. त्या जागच्या हलू नयेत हे बघणं, हेच काकांचं काम.

"पाया पाहिजे, बाई," ते मला सांगायचे. "पाया नसला का मशीन स्वतःलेच खाऊन टाकते."

मी शाळेत शिकवते, त्यामुळे गल्लीत सगळे मला बाई म्हणतात. काकू मात्र मास्तरीण म्हणायच्या. गल्लीतल्या झाडून सगळ्या बायकांचे ब्लाउज त्यांच्या पायमशीनवर शिवले जायचे, आणि त्यांचं तोंड मशीनपेक्षा जोरात चालायचं. "मास्तरीण, फळ्यावर लिहून लिहून तुमचा उजवा दंड जाड होऊन राहिला. दोन बाह्या दोन मापाच्या कराव्या लागतात मले!" हे त्या भर गल्लीत सांगत. आम्ही हसायचो, आणि मी घरी येऊन आरशात दंड बघायची.

मग काकूंचे पाय गेले. एकदम नाही. तापीवरच्या राजघाटाच्या पायऱ्यांवर तोल गेला, तेव्हा आम्हाला वाटलं, शेवाळ असेल. पुढे घरातही जायला लागला. काठी आली. पायमशीन बंद पडली. दुपारी आम्ही बायका सावली असेल त्या ओट्यावर बसतो, कुणी भाजी निवडतं, कुणी नुसतंच बसतं. पलीकडच्या गल्लीत कापडाचे लूम खटखटत असतात, त्यांच्यावर आवाज चढवून बोलायची आम्हाला सवयच आहे. काकूही काठी टेकत यायच्या, पण गप्प बसायच्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "हातात काम नसलं का मले बोलता नाही येत."

काकांनी हे ऐकलं आणि ठरवलं, छोटी मशीन करायची. एका हातात काठी, दुसऱ्या हातात मशीन. ज्या ओट्यावर बायका बसतील तिथे काकूंनी स्वतः न्यायची, मांडायची, शिवायची. त्यांची अट एकच होती. "तिनं कुणाले हाक नाही मारली पाहिजे."

त्यांच्या मुलीने भुसावळहून तयार छोटी मशीन पाठवली होती, मोबाइलवर मागवलेली, प्लास्टिकची. काकांनी तळवा ठेवला. "हलतंय." खरंच, चालू केल्यावर ती पाटावर फुदकत कडेपर्यंत गेली. संध्याकाळपर्यंत काकांनी तिची मोटर बाहेर काढली होती.

त्यांची स्वतःची पहिली मशीन तयार झाली तेव्हा आम्ही सगळ्या बघायला गेलो. हातभर लांबीची, देखणी, टाका सुंदर. काकांनी तिच्यावर पाण्याने भरलेला पेला ठेवला आणि मशीन चालवली. थेंब सांडला नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग काकू म्हणाल्या, "आता उचलून दाखवा." काकांनी उचलली, आणि त्यांचा चेहरा बदलला. मशीन हलू नये म्हणून तिच्या तळाला त्यांनी लोखंडाची जाड प्लेट मारली होती. ती बाहेर आणायला काका आणि माझे यजमान, असे दोघे लागले.

"अहो, ही माझ्यासाठी केली का कारखान्यासाठी?" काकूंनी विचारलं.

यावर शहाण्या माणसाने काय केलं असतं? काकांनी प्लेट काढली, मशीन हलकी केली, आणि मग ती फुदकू नये म्हणून गल्लीतल्या सगळ्या ओट्यांत पायाचे बोल्ट गाडायचे ठरवले! दारोदार परवानगी मागत फिरले. "फक्त दोन बोल्ट, बाई. ती आली का मशीन त्यावर बसवायची, नट फिरवायचा, झालं." कारखान्याचा माणूसच असला विचार करू जाणे. कुठेही नेता येईल अशी मशीन करायची, म्हणून सगळीकडे पाया बांधून ठेवायचा. आम्ही हो म्हटलं. नाही कोण म्हणणार? सिमेंट कालवून त्यांनी स्वतः बोल्ट बसवले. अजून आहेत. पाहुण्यांच्या पायाला लागतात आणि मी सांगत बसते, की काय आहे ते.

एक हिवाळा ती व्यवस्था चालली, आणि काय चालली! काकू मशीन घेऊन माझ्या ओट्यावर यायच्या, नट फिरवायच्या आणि तोंडाचा पट्टा सुरू करायच्या. कुणाची सून, कुणाचा पाहुणा, कुणाच्या केळीच्या बागेत काय झालं, सगळं. काका समोरच्या दारात उभे राहून नुसते बघायचे. त्यांना मी इतकं खुशीत कधी पाहिलं नव्हतं.

मग नट फिरेना. नट ठीक होता, काकूंची बोटं फिरत नव्हती.

जळगावच्या डॉक्टरांकडे गेलो तेव्हा मीही सोबत होते. नसांचा आजार आहे, वाढत जाणार, औषध नाही, असं डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं. काकू बाहेर बाकावर होत्या. काकांनी टेबलावर तळवा ठेवला. मग म्हणाले, "साहेब, पुढच्या दिवाळीले ती किती वजन उचलू शकेल?"

डॉक्टरांना कळलं नाही.

"लोड सांगा ना मले. मी त्या हिशेबाने मशीन बनवतो."

"ते सांगता येत नाही, काका."

"अंदाजे सांगा."

परतीच्या गाडीत काका काकूंना केळी सोलून देत होते आणि मला सारखं वाटत होतं की आपण काहीतरी बोललं पाहिजे. बऱ्हाणपूर जवळ आलं तरी मी नुसती सालं गोळा करत होते.

त्यानंतर ती एक शर्यतच झाली आणि आम्ही बघत राहिलो. काकांनी ओतीव बिडाच्या जागी अॅल्युमिनियम आणलं, अॅल्युमिनियमच्या जागी सागाची फळी. नटाऐवजी नुसती खिट्टी आली, दाबायच्या बटणाऐवजी बोट टेकलं की चालणारी पट्टी आली. पण प्रत्येक मशीन तयार व्हायची ती आधीच्या काकूंसाठी. महिनाभर खपून काका ती आणायचे आणि काकूंचा आजार तोवर आणखी पुढे निघून गेलेला असायचा. त्यांना उचलता येईल अशी मशीन झाली, तेव्हा त्यांना सुई ओवता येईना. काकांनी ओवणीसाठी तारेचा आकडा केला, तेव्हा कापड सरळ धरता येईना.

गंमत म्हणजे काकू दर वेळी खोट काढायच्या ती मशीनमध्ये. "आवाज फार करते." "दोरा ढिला सोडून राहिली." "ही पट्टी डावीकडे पाहिजे होती." काकांचा चेहरा उजळायचा. "हाव? बघून घेतो!" आणि मशीन उचलून आत जायचे.

एकदा मी चिडले. काका जेवण विसरून कानस घासत होते आणि काकू आवाजाची तक्रार करत होत्या, जो आवाज मला तरी ऐकू येत नव्हता. काका आत गेल्यावर मी म्हटलं, "काकू, पुरे करा ना आता. चांगली तर आहे मशीन."

काकू हसल्या. तेव्हा त्यांचं बोलणंही जड व्हायला लागलं होतं. "मास्तरीण, मशीनमध्ये खोट आहे तोवर ते काम करतील. नसली का मग माझ्याकडे बघत बसतील. ते त्यांना नाही जमायचं."

त्या दिवसापासून मीही मशीनला नावं ठेवायला लागले. आम्ही सगळ्याच. दुपारी जमायचं, काहीतरी खोट शोधायची आणि काकांना सांगायची. दुसरं काय करता येत होतं आम्हाला?

या उन्हाळ्यात काकांनी शेवटची मशीन आणली. जेवणाच्या डब्याएवढी. काकू खाटेवर उशांना टेकून होत्या, आम्ही खाली सतरंजीवर. काकांनी मशीन त्यांच्या मांडीवर ठेवली. तळाला रबर लावलं होतं, ती जागची हलत नव्हती. सुईखाली सुती कापडाचा तुकडा घातला, काकूंचा हात उचलून कापडावर ठेवला आणि स्वतः चाक फिरवलं. मशीनचे दाते कापड पुढे ओढायला लागले आणि कापडावरचा काकूंचा हात कापडाबरोबर पुढे सरकला. टाका सरळ पडत होता. कापड संपल्यावर हात खाली घसरला. काकांनी तो पुन्हा उचलून वर ठेवला.

काकूंनी टाक्यावरून नजर फिरवली. मग म्हणाल्या, "छान झाली. खोट नाही काही."

"असेल ना," काका म्हणाले. "नीट बघ."

"नाही हो."

"असेल काहीतरी. दोरा? आवाज?" ते मशीनवर वाकले. "सांग ना. उद्या करतो."

मी मनातल्या मनात मशीनभर खोट शोधत होते आणि मला सापडत नव्हती. रडू आलं मला, ते मी लपवलंही नाही.

"रंग," काकू म्हणाल्या. एकेक अक्षर ओढून. "रंग नाही आवडला."

काकांनी नाक पुसलं. "कोणता पाहिजे?"

"निळा."

"हाव. आणतो." आणि ते भर उन्हात रंग आणायला निघाले. दुकानं त्या वेळी बंद असतात हे त्यांनाही माहीत होतं.

रंग पुरता वाळायच्या आत काकू गेल्या. घर आवरायला मुलगी आली आणि दिवस झाल्यावर काकांना भुसावळला घेऊन गेली. स्टेशनवर जायला रिक्षा बोलावली होती. पेट्या, बोचकी, सगळं मागे भरलं. काका आत बसले आणि निळी मशीन त्यांनी मांडीवर घेतली. नखांत रंग तसाच होता. मुलगी म्हणाली, "बाबा, खाली ठेवा ना ती. स्टेशनपर्यंत जड होईल."

"नाही ग," काका म्हणाले. "उचलून बघ. काहीच वजन नाही."